मार्ग चुकलेले मूल आणि समाजाची तिजोरी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखादा न्यास पन्नास वर्षे अखंड चालविणे आणि त्याच्या वह्या पन्नास वर्षे चोख ठेवणे, या दोन्ही गोष्टी अवघड आहेत. आपण दोन्ही साधल्या आहेत. हिशेबाला मान देणाऱ्या समाजापुढे वक्त्यानेही हिशेबाचेच बोलावे असे मला वाटते. म्हणून आज मी आपल्यापुढे एका खर्चाचा विचार मांडणार आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या, अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला पुन्हा मार्गावर आणण्याचा हा खर्च आहे. तो कोणी करावयाचा आणि नेमका कशावर करावयाचा, याची चर्चा आपल्या शहरात क्वचितच होते. विषय कळविला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी दूरध्वनीवर मोठ्या सौजन्याने विचारले होते, “हा विषय उत्सवाला साजेल ना?” त्यांची शंका रास्त होती. तरीही त्यांनी विषय बदलण्याचा आग्रह धरला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बालगुन्हेगारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक इमारत उभी राहते. कोणी तिला रिमांड होम म्हणतात, वृत्तपत्रे बालसुधारगृह म्हणतात. नागपूरकरांना पाटणकर चौकातील निरीक्षणगृह ऐकून तरी ठाऊक असते. मुलाने चोरी केली, पोलिसांनी पकडले, त्याला ‘तिकडे’ नेऊन ठेवले, विषय संपला, अशी आपली समजूत असते. कायद्याची समजूत मात्र अगदी निराळी आहे. १५ जानेवारी २०१६ पासून लागू असलेला बाल न्याय अधिनियम, २०१५ अशा मुलाला गुन्हेगार म्हणतच नाही. पोलीस ठाण्याच्या कागदोपत्री तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. शब्द जड आहे, परंतु त्यामागचा विवेक साधा आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात व त्या दोघांत एक स्त्री असलीच पाहिजे. दोष सिद्ध झाला तरी मंडळाच्या हाती अनेक उपाय असतात. समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम, पालकांना दंड, तीन वर्षांपर्यंत परिवीक्षेवर मोकळे ठेवणे, हे सर्व उपाय अपुरे वाटले तरच विशेष गृह. संस्थेत ठेवणे हा शेवटचा मार्ग असावा, असे अधिनियमाच्या मूलतत्त्वांतच लिहून ठेवले आहे.

हे तत्त्व केवळ करुणेपोटी आलेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात अशा मुलांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. त्या यादीत आपले राज्य अग्रभागी होते, ही अभिमानाची गोष्ट नव्हे. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक सोळा ते अठरा या वयाची होती. याच विभागाचे अनेक वर्षांचे अहवाल चाळले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. या मुलांतील फार मोठा भाग अनाथ नसतो, रस्त्यावरचाही नसतो, तो आपल्या आईवडिलांजवळ राहणारा असतो. म्हणजे मूल बिघडले ते घरात राहून, त्याच गल्लीत, त्याच मित्रांच्या संगतीत. इमारतीत तीन-चार महिने ठेवून ते ‘सुधारले’ असे गृहीत धरले तरी परत जावयाचे ते त्याच घरी. त्या घराचा उंबरठा ओलांडून आत कोणी गेलेच नाही, तर केलेला खर्च पाण्यात जातो.

उंबरठा ओलांडण्याचे काम कायद्याने ज्याच्यावर सोपविले आहे त्याला परिवीक्षा अधिकारी म्हणतात. या सभागृहात किती जणांनी असा अधिकारी प्रत्यक्ष पाहिला असेल? मी अनेक वर्षे समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकविले, त्यांना क्षेत्रकार्यासाठी अशा अधिकाऱ्यांबरोबर पाठविले, आणि स्वतःही त्यांच्या मागे गल्लीबोळांतून हिंडलो. त्यामुळे त्यांच्या कामाविषयी थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी घेतो.

समजा, सोळा वर्षांच्या एका मुलाने दोन मित्रांसह मोबाईल हिसकावला. पोलिसांनी ताब्यात घेताच परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवावे लागते आणि त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यावयाचा असतो. हा अहवाल म्हणजे गुन्ह्याचा तपास नव्हे. तो त्या मुलाच्या आयुष्याचा तपास असतो. घरात मिळवते कोण, वडील दारू पितात का, आई कामाला किती वाजता जाते, मुलाने शाळा केव्हा सोडली आणि सोडली की सोडावी लागली, त्याला नशेची सवय आहे का, मोठ्या वयाचे कोणी त्याला वापरून घेत आहे का, त्याच्यावर स्वतःवर कधी अत्याचार झाला आहे का. ही उत्तरे पहिल्या भेटीत मिळत नाहीत. पहिल्या भेटीत आई म्हणते, “आमचा मुलगा तसा नाही.” दुसऱ्या भेटीत शेजारीण काहीतरी सांगते. तिसऱ्या भेटीत, तीही रविवारी गेल्यास, वडील भेटतात. शाळेच्या दाखल्यावरील तारीख आणि आई सांगते ती तारीख जुळत नाही, आणि मधल्या आठ महिन्यांत काय घडले हे शोधताना खरी गोष्ट हाती लागते. आमच्या एका विद्यार्थिनीने अशाच एका घरी पाचव्या फेरीत शोधून काढले की मुलगा नववीत नापास झालेला नव्हताच. वडिलांच्या आजारपणात फी थकली आणि लाजेखातर त्याने शाळेत जाणे बंद केले. घरी मात्र तो रोज दप्तर घेऊन निघत असे. ही माहिती मंडळापुढे गेली आणि प्रकरणाचे स्वरूपच पालटले. थकलेली रक्कम ऐकाल तर तेवढे पैसे आपण एका लग्नाच्या आहेरात सहज देतो.

अहवाल दिल्यानंतर काम संपत नाही. मुलाला परिवीक्षेवर सोडले तर देखरेख याच अधिकाऱ्याची, आणि संस्थेत ठेवले तर बाहेर पडल्यावरच्या पुनर्वसनाचा आराखडाही त्याचाच. जिल्हा केवढा आहे पाहा. एका बाजूला नरखेड, दुसऱ्या बाजूला भिवापूर, तिकडे रामटेक. एका घरभेटीत अर्धा दिवस जातो आणि भेटीला घरी कोणी नसेल तर तोही वाया. ज्याच्याकडे मुलांची संख्या पेलण्याजोगी असेल तोच पाचवी फेरी मारू शकतो. बाकीच्यांचा अहवाल टेबलावर बसून लिहिला जातो आणि त्यात ‘कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची, मित्रांची संगत वाईट’ ही दोन वाक्ये हमखास असतात. असे अहवाल मी वाचले आहेत. लिहिणाऱ्याचा मला राग येत नाही, त्याच्याकडील कामाचा ढीग मला ठाऊक आहे.

आता पैशाकडे वळतो. त्यासाठी थोडे दूर जावे लागेल, कारण परिवीक्षेचा जन्मच एका कारागीर-व्यापाऱ्याच्या खिशातून झाला आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा जोडे बनविणारा गृहस्थ होता. १८४१ साली तो न्यायालयात उभा असताना एका मद्यपीला शिक्षा होऊ घातली होती. ऑगस्टसने न्यायाधीशांना विनंती करून त्याचा जामीन भरला, त्याला काही आठवड्यांनी पुन्हा हजर केले आणि माणूस बदललेला दिसला. १८५९ साली मृत्यू येईपर्यंत त्याने सुमारे दोन हजार जणांची अशी जबाबदारी घेतली. त्यांत कितीतरी मुले होती. यासाठी त्याने शासनाचा एक पैसाही घेतला नाही आणि त्यापायी त्याच्या धंद्याला खोट आली. पुढे १८७८ साली त्याच प्रांताने पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा कायदा केला. १८९९ साली शिकागो येथे मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, तेव्हा गंमत अशी की परिवीक्षा अधिकाऱ्यांना सरकारी तिजोरीतून वेतन मिळणार नाही, असे त्या कायद्यातच म्हटले होते. तेथील महिला मंडळाने वर्गणी गोळा करून ते वेतन दिले. सहा वर्षे दिले. १९०५ साली कायदा बदलला आणि तो भार तिजोरीने उचलला.

आपल्याकडील कथाही अगदी जुनी आहे. मद्रास (१९२०), बंगाल (१९२२), मुंबई (१९२४) या प्रांतांपाठोपाठ आपल्या मध्यप्रांताने १९२८ साली मुलांचा कायदा केला. त्या वेळी नागपूर ही राजधानी होती, म्हणजे तो कायदा याच शहरात झाला. पुढे १९५८ चा परिवीक्षेचा केंद्रीय कायदा आला, १९८६, २००० आणि २०१५ असे तीन बाल न्याय अधिनियम आले. कायद्यांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती माणसांची. २००५ साली दाखल झालेल्या संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. मंडळे, समित्या, परिवीक्षा अधिकारी यांच्या रिक्त जागा भरा, असे त्या निकालात राज्यांना बजावावे लागले. कायद्याने आधीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगण्यासाठी तेरा वर्षे गेली.

निधीची आजची व्यवस्था थोडक्यात अशी. २००९-१० पासून एकात्मिक बाल संरक्षण योजना होती, तिचेच रूप आता ‘मिशन वात्सल्य’ या नावाने चालते. आपल्या राज्यात खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील बहुतेक माणसे कंत्राटी, ठरावीक मानधनावर असतात. चांगली माणसे येतात, अनुभव घेतात आणि स्थिर नोकरी मिळताच जातात. त्यांच्याबरोबर मुलांची ओळखही जाते. दुर्दैवाने ती ओळख कोणत्याही फाईलमध्ये नोंदवून ठेवता येत नाही. इमारतीसाठी अंदाजपत्रकात रक्कम दाखविता येते, कोनशिला बसविता येते, उद्घाटन करता येते. पाचव्या घरभेटीचे उद्घाटन कोण करणार? म्हणून पैसा भिंतींकडे वाहतो. आणि ‘प्रतिबंध’ या शब्दाला तर अंदाजपत्रकात स्वतःचे घरही सापडत नाही. कोठे पालिकेचा महिला व बालकल्याणाचा राखीव निधी, कोठे जिल्हा नियोजनातील थोडासा वाटा, त्यातून शिलाईयंत्रे आणि सायकली वाटल्या जातात. वाटप वाईट नाही, परंतु शाळा सोडलेला पंधरा वर्षांचा मुलगा त्या यादीत कोठेच नसतो.

प्रतिबंध कसा होतो याचे उदाहरण आपल्याच शहराने साऱ्या देशाला दिले आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल देऊन मैदानावर आणले. पुढे त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ चित्रपट आला. चित्रपट पाहून आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. परंतु ज्या मैदानावर ही मुले खेळू शकतील अशी किती मैदाने आपल्या वस्त्यांत उरली आहेत, हा प्रश्न टाळ्यांबरोबर विरून गेला. संध्याकाळी पाच ते आठ हे तीन तास मुलगा कोठे असतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आणखी एका घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि मंडळाने तीनशे शब्दांच्या निबंधासह काही अटींवर त्याला जामीन दिला. देशभर संताप उसळला. तो संताप मी समजू शकतो, त्या दोन घरांचे दुःख कोणत्याही कायद्याने भरून येणारे नाही. परंतु त्या दिवसांत बाल न्याय व्यवस्था म्हणजे निबंध, असे जे चित्र झाले त्याने गरीब घरांतील हजारो मुलांचे नुकसान केले. जामिनाच्या अटींत वाहतूक पोलिसांबरोबर काम आणि समुपदेशनही होते. अशा अटी कागदावर लिहिणे सोपे, त्या रोज पाळून घेणारा माणूस हवा असतो. ‘शिक्षा कडक करा’ म्हणणारे पुष्कळ भेटले. ‘देखरेख करणारी माणसे वाढवा’ म्हणणारा मला एकही भेटला नाही.

मग आपल्यासारख्या न्यासाने काय करावे? येथे माझे मत थोडे कठोर आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याचा पगार आपण देऊ नये. ज्याच्या अहवालावर मुलाचे स्वातंत्र्य अवलंबून आहे तो कायद्याला उत्तरदायी असावा, देणगीदाराला नव्हे. शिवाय शिकागोच्या महिलांनी सहा वर्षांत आपला भार तिजोरीवर सोपविला. आपल्याकडे नेमके उलट होण्याची भीती आहे, एकदा धर्मादायाने उचललेले ओझे तिजोरी परत घेत नाही. तेव्हा मागणी करावी ती शासनाकडे. पालकमंत्र्यांना आपल्या समाजाची शिष्टमंडळे भेटतात. सभागृहाला निधी मागतात, रस्त्याला नाव मागतात. एखादे शिष्टमंडळ ‘आमच्या जिल्ह्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती’ असे विचारण्यासाठी जाऊ द्या. उत्तर लेखी घ्या. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारा.

सम्यग्दर्शनाची आठ अंगे या सभेत मी सांगावीत हे धाडसाचे आहे. तरीही त्यांतील लागोपाठची तीन, उपगूहन, स्थितिकरण आणि वात्सल्य, ही माझ्या विषयाला इतकी लागू आहेत की राहवत नाही. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न मांडणे, ढळलेल्याला पुन्हा स्थिर करणे आणि त्याच्याविषयी प्रेम बाळगणे. मित्र पुष्पडाल मनाने ढळला तेव्हा वारिषेण मुनींनी त्याला हाकलून दिले नाही, त्याच्याबरोबर चालत गेले. अधिनियमातील कलम ७४ उपगूहनाचीच भाषा बोलते. अशा मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याचा एक व्यावहारिक अर्थ नम्रपणे सांगतो. जयंतीच्या दिवशी निरीक्षणगृहात मिठाई वाटताना मुलांसह काढलेले छायाचित्र स्मरणिकेत छापू नये. आपल्या अंकात तसे छायाचित्र नाही हे पाहून मला बरे वाटले.

आपल्याला करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत आणि म्हणूनच तिजोरीच्या नियमांत बसत नाहीत. थकलेली फी, दहावीचा बाहेरून बसण्याचा अर्ज, बसचा पास, सुतारकामाची हत्यारे, व्यसनमुक्तीच्या औषधांचा पहिला महिना. सुवर्णमहोत्सवी निधीतून अशी एक छोटी रक्कम वेगळी ठेवा. अधिनियमात बाल न्याय निधीची तरतूद आहे, त्यातही देणगी जमा करता येते. परंतु जिल्ह्यातील तातडीच्या गरजेला हाताशी असलेला पैसा अधिक उपयोगी पडतो. दुसरे काम माहितीचे. आपल्या दुकानांत, गोदामांत काम करणाऱ्या कित्येक विधवा भगिनींना ठाऊक नसते की शहरात वार्षिक उत्पन्न ९६ हजार रुपयांच्या आत असेल तर मिशन वात्सल्यमधून मुलासाठी दरमहा चार हजार रुपये प्रायोजकत्व मिळू शकते, आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये. निकष आहेत, कागदपत्रे आहेत, चकरा आहेत. ज्या समाजात घरोघरी वाणिज्य पदवीधर आहेत त्या समाजाला एक अर्ज भरून देणे जड जाऊ नये. मुलगा चुकण्यापूर्वी त्या घरात पोहोचलेले हे पैसे हाच माझ्या दृष्टीने खरा प्रतिबंध.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय येथे आणला. परिवीक्षेचा काळ चांगला पार पाडलेला, अठरा पूर्ण केलेला मुलगा इतवारीत काम मागायला येतो. जुने प्रकरण त्याच्या आड येता कामा नये, असे कलम २४ सांगते. गल्लीला मात्र ते माहीत असते आणि आपल्या मुनीमजींनाही. दुकानदार म्हणतो, “मला दया आहे, पण गल्ला सांभाळायचा आहे.” हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे आणि त्यात खोटे काहीच नाही. मी गल्ला त्याच्या हाती द्या म्हणत नाही. माल उतरविणे, बांधणी, पोहोच, नोंदी, अशी कितीतरी कामे गल्ल्यापासून दूर असतात. वय अठराच्या आत असेल तर काम धोक्याचे नको, विश्रांती धरून सहा तासांहून अधिक नको आणि संध्याकाळी सातनंतर नको, एवढी कायद्याची मर्यादा पाळावी. कोणाची तयारी याहून अधिक असेल तर अधिनियमात ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता घेण्याची सोय आहे, मंडळ चौकशी करून मुलाची जबाबदारी अशा व्यक्तीकडे काही काळ सोपवू शकते.

या सभागृहात दुकान असलेले शंभर तरी गृहस्थ बसले असतील. त्यांपैकी दहांनी आपली नावे कार्यवाहांकडे दिली तर ती यादी मी स्वतः जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन देईन. यादीत दुकानाचे नाव नको, फक्त कामाचे स्वरूप आणि वेळ लिहा. कागद बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे.